खैरे सरांचे वेळापत्रक आणि कळसची म्हैस

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बारामतीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यासाठी रुजू झाले आणि लगेच माझी नेमणूक वेळापत्रक समितीवर झाली. समितीचे प्रमुख होते संख्याशास्त्राचे प्रा. गोविंदराव खैरे. मी उत्साहाने कोऱ्या तक्त्यात प्राध्यापकांची नावे भरू लागले, तेव्हा सर म्हणाले, "बाई, जरा थांबा. आधी एसटी स्टँडवर जाऊन येऊ." भर उन्हात आम्ही मोरगाव आणि इंदापूरकडच्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणल्या. आमचा परिचय झाला तो असा.

सरांची पद्धत थोडी उलगडून सांगावीशी वाटते, कारण ती कोणालाही साधण्याजोगी आहे. जी गोष्ट आपल्याला हलवता येत नाही, जशी विद्यार्थ्यांच्या एसटीची वेळ, ती सर प्रथम मांडतात. हलणारी कामे नंतर तिच्याभोवती बसवतात. आपण बहुधा नेमके उलट करतो आणि गाडी चुकली की नशिबाला बोल लावतो. त्यांचे दुसरे सूत्र असे, की नवी सवय जुन्या सवयीच्या शेजारी बसवावी. जुनीला उठवून तिच्या जागी बसवू नये. या सूत्राचा अर्थ मला कळला तो कळस गावी, एका गोठ्यात.

आमची विद्यार्थिनी शारदा रोज कळसहून येत असे. तिच्या आईचा हात मोडला आणि धारा काढण्याचे काम शारदेकडे आले. सकाळची धार काढून ती गाडी गाठायची. परंतु संध्याकाळच्या धारेची आणि प्रात्यक्षिकांची वेळ एकच. घरची म्हैस दुसऱ्या कोणाच्या हाताला पान्हाच सोडत नसे. शेवटचे वर्ष होते. प्रात्यक्षिके बुडाली असती तर परीक्षेला बसता आले नसते, आणि वडिलांनी तर कॉलेज बंद करण्याचे ठरवलेच होते.

रविवारी सर मला सोबत घेऊन कळसला गेले. शारदेच्या वडिलांना सारे गाव तात्या म्हणे. त्यांनी आदराने घोंगडी अंथरली, पण बोलले सरळच : "सर, म्हशीला तुमचं टाइमटेबल कळत न्हाय."

"तात्या, तिच्याइतकं ते कुणालाच कळत नाही," सर हसून म्हणाले. "रोज तीच वेळ, खायला तेच आंबोण, तोच हात. आपल्याला हात तेवढा बदलायचाय."

"आन् म्या काय शारदीची ओढणी गुंडाळून बसू व्हय?"

"खुशाल बसा. पण आधी काही दिवस नुसते शारदेशेजारी बसा. आंबोण तुम्ही ठेवा, धार तिला काढू द्या. मग हळूहळू तुम्ही पुढे सरका, ती मागे सरकेल."

आतून शारदेच्या आई म्हणाल्या, "बसतील की! न्हायतरी सांजच्याला पारावर बसून गप्पाच हानत्यात." तात्यांनी होकार दिला नाही; ते उठून म्हशीपुढे वैरण टाकू लागले.  प्रात्यक्षिकांची वेळ मात्र सरांनी आम्हा शिक्षकांशी बोलून, म्हैस तात्यांच्या हाताला रुळेपर्यंत, सकाळी घेतली.

तात्या शेजारी बसू लागल्याचे शारदेकडूनच कळत राहिले. ओढणी त्यांनी खरोखरच डोक्याला गुंडाळली. आळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत. तात्या म्हणत, "हसा, हसा. पोरीची परीक्षा हाय, तुमची न्हाय." एका संध्याकाळी शारदा मुद्दाम गोठ्याबाहेरच थांबली. आतून बादलीत धारांचा आवाज येऊ लागला. तात्यांनी मान न वळवता हाक दिली, "सोडला गं पान्हा! आता तू हितं येऊ नगंस. तुझं बघ."

दुसऱ्या दिवशी तिने हे सांगितले, तेव्हा सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "चला, आता प्रात्यक्षिके पूर्ववत संध्याकाळी." शारदा उत्तीर्ण झाली. आज ती इंदापूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

नियोजन म्हणजे शिस्तीचा बडगा, असा माझा समज होता. दुसऱ्याचा दिवस कसा जातो हे त्याच्या दारी जाऊन पाहण्याची माया म्हणजे नियोजन, हे सरांनी शिकवले.

सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो. पत्नीच्या सोबतीने निवांत फिरणे, भरपूर वाचन आणि दुपारची बिनघोर झोप लाभो. वक्तशीरपणाची चिंता आता त्यांनी आम्हा शिष्यांवर सोपवावी. सर, यापुढे सावकाश या. आम्ही थांबू.