टोर्केलने चाखलेलं पाणी

टोर्केल मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि ते मी कधी लपवलंही नाही. पश्चिम किनाऱ्यावर बोटींच्या कारखान्यात तीस वर्षं काढून हा गृहस्थ बायकोच्या माहेरी, म्हणजे स्वीडनच्या उत्तर टोकाला, कालिक्सजवळच्या आमच्या बंदरात राहायला आला आणि आल्याआल्या आम्हालाच शिकवायला लागला. दोर कसा गुंडाळावा, नांगर कुठे ठेवावा, हेरिंग मासळी किती दिवस मुरवावी. आम्ही कॉफीत चीजचे तुकडे टाकतो ते बघून तर कपात बेडूक पडल्यासारखं तोंड करायचा. चाळीस खणांची लाकडी पेटी घेऊन धक्क्यावर फिरायचा आणि प्रत्येक खणावर सुबक अक्षरात चिठ्ठी. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

गळती शोधण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं तो स्वतःच सांगायचा. दुसरं कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

माझी थोरली बहीण गुनवोर मात्र त्याच्या बोलण्याला भुलली. तिची छोटी केबिनची बोट होती. बर्फ वितळला की त्या बोटीतून बेटावरच्या खोपीत जायचं आणि पाणी गोठायला लागलं की परत यायचं, हा तिचा नवऱ्यामागेही चालू राहिलेला क्रम. आदल्या शरद ऋतूत ती एकटी येत असताना केबिनच्या फळ्यांवर पाणी चढलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई दोन तास बादलीने पाणी उपसत होती. तिचा मुलगा येर्केर हे ऐकून हादरलाच.

"आई, जूनअखेर मिडसमरच्या सणाला मी येईन," तो म्हणाला. "तोवर बोट कोरडी झाली तर तुझी तू बेटावर जा. नाही झाली तर विकून टाकायची. मला तुझं प्रेत शोधत फिरायचं नाहीये."

मे महिन्यात बोट पाण्यात उतरली, आणि तिसऱ्या दिवशी तळात चार बोटं पाणी. गुनवोरने टोर्केलला बोलावलं. मी सख्खा भाऊ, धक्क्यावरच उभा, पण मला नाही विचारलं. टोर्केलने फळी उचलली, पाण्यात बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले, आणि थुंकून जाहीर केलं, "गोडं आहे. म्हणजे समुद्राचं नाही. पावसाचं पाणी वरून शिरतंय."

मला हसू आवरेना, म्हणून मी पाठ फिरवली. त्याच्या पश्चिमेला समुद्र खारट, तिथे ही परीक्षा चालते. आमच्या आखाताला इतक्या नद्या मिळतात की त्या पाण्यात बटाटे उकडले तर वर मीठ घालावं लागतं! मी बारा वर्षं त्याच पश्चिम किनाऱ्यावर, गोथेनबर्गच्या जहाजांवर होतो, दोन्ही पाणी माझ्या नाकातोंडात गेलंय. हा शहाणा वर्षभर इथे राहत होता, पण धक्क्याखालचा समुद्र एकदा चाखून बघावा हे काही त्याला सुचलं नव्हतं.

"एवेर्ट, बरोबर सांगतोय ना रे हा?" गुनवोरने मला विचारलं.

"अगं, एवढा मोठा जाणकार आपल्या किनाऱ्यावर आजवर आलाच नव्हता," मी म्हणालो.

तिला ते खरंच वाटलं.

मग सुरू झाला तमाशा. खिडक्यांखाली टिश्यू पेपर चिकटवले. छतावर नळी धरून खालून वर, इंच इंच पाणी मारलं. कठड्याचे सगळे बोल्ट काढून, नवं सीलंट भरून पुन्हा बसवले. गुडघ्यांवर बसून, टॉर्च दातांत धरून तो केबिनच्या कोपऱ्यांत पावडर शिंपडायचा आणि ओघळाची वाट बघायचा. मी रोज बाकावर बसून कॉफी पीत ते बघायचो. जूनमध्ये तीन आठवडे पावसाचा टिपूस नाही, तरी तळात पाणी तेवढंच.

"आता कुठला पाऊस, टोर्केल?" मी विचारलं.

"दमट हवा," तो म्हणाला. "केबिनला आतून घाम येतो."

"बिचारी! एवढे उपचार बघून घाम फुटणारच."

आज सांगू, उद्या सांगू, असं माझं चाललं होतं. त्याचं थोबाड सगळ्या बंदरासमोर उतरलेलं मला बघायचं होतं, आणि रोज वाटायचं, अजून एक दिवस. सणाच्या आदल्या दिवशी येर्केर सकाळच्याच बसने आला, फळी उचलून तळातलं पाणी बघितलं आणि फळी परत बसवली. जुलैत बोट विकली गेली.

घेणारा आमच्याच बंदरातला. त्याने दहा मिनिटांत गळती काढली. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो तिथलं दोरीचं पॅकिंग झिजलं होतं. नवी दोरी भरली, नट आवळला, संपलं. टोर्केलला हे कळलं तेव्हा तो धक्क्याच्या कडेला पालथा झाला, ओंजळभर समुद्र तोंडात घेतला, आणि तसाच ओल्या बाहीने गुनवोरच्या फ्लॅटवर गेला. मजा बघायला मीही मागोमाग गेलो.

"चूक माझी आहे," दारातूनच तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. "मी तुमचा समुद्र चाखलाच नव्हता. तुझी बोट माझ्यामुळे गेली, गुनवोर. आता दर शनिवारी मी तुला माझ्या बोटीतून बेटावर नेईन आणि रविवारी आणीन."

गुनवोरने बाहेर बघितलं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या कचऱ्याच्या पेट्या दिसत होत्या. मग ती माझ्याकडे वळली.

"एवेर्ट, तू तर त्या बाजूला बारा वर्षं होतास. तुला माहीत होतं?"

आमच्याकडे 'हो' म्हणायला शब्द लागत नाही, ओठांतून श्वास आत ओढला की झालं. मी श्वास ओढला.

"त्याला तरी माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि टोर्केलला बसायला खुर्ची दिली.