खिडकी नसलेली केबिन

माझ्या वडिलांची उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर गेली. इंजिनरूममध्ये ते तेलवाला होते, म्हणजे यंत्राच्या सांध्यांना तेल घालत आणि मीटरचे काटे बघत फिरणारा माणूस. नऊ-दहा महिने समुद्रावर आणि मग दोन महिने घरी. आई रत्नागिरीच्या एका खाडीकाठच्या गावातून लग्न करून थेट भाईंदरच्या चाळीतल्या एका खोलीत आली. तिथं पाण्याचे ड्रम भरत, मला वाढवत ती बाबांच्या पत्रांची वाट बघायची. आता आम्ही मीरा रोडला सातव्या मजल्यावर राहतो. बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आईचा आवाज कायम चढलेला असतो.

जन्मभर नवरा जहाजावर असूनही आईने कधी जहाजात पाऊल ठेवलं नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी मी तिघांसाठी मुंबईहून निघणारी दोन रात्रींची क्रूझ बुक केली. जहाज जुनं होतं आणि केबिन सगळ्यात खालच्या मजल्यावरची, म्हणून परवडली.

जहाज जुनं असल्याचं चढल्या चढल्या कळत होतं. पितळी कठडे हात फिरून फिरून मऊ झालेले, गालिचे मधोमध विरलेले. पुढच्या टोकाला पांढऱ्या रंगाच्या थराखाली आधीच्या नावाची उठावदार अक्षरं दिसत होती. ती कुठल्याशा परक्या लिपीतली होती. हे जहाज कधीकाळी थंड समुद्रांवर फिरलं असेल, लोकरी कोट घातलेली माणसं या जिन्यांवरून उतरली असतील, असं उगाच वाटत राहिलं.

केबिनचं दार उघडलं आणि आई उंबऱ्यातच थांबली.

"खिडकी कुठंय?"

"या केबिनला नसते गं," मी ओशाळून म्हटलं.

बाबा मात्र आत गेले आणि त्यांनी भिंतीवर तळवा टेकला. थोड्या वेळाने म्हणाले, "इंजिन चालू केलंन." जहाज सुटल्याची घोषणा त्यानंतर बऱ्याच वेळाने झाली.

संध्याकाळी आम्ही डेकवर उभे होतो. किनारा धूसर होत होत नुसती एक जांभळट रेघ उरली. त्या रेघेवरचा एक उंचवटा म्हणजे आपला भाईंदरजवळचा उत्तनचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पाली गाव, असं आईने ठरवून टाकलं. तो उत्तनचा असणं कठीण होतं, पण मी मान डोलावली. बाबा कठड्यापाशी आले नाहीत. ते मागच्या भिंतीला पाठ लावून उभे होते, कुणाच्या तरी घरी पहिल्यांदाच गेल्यासारखे. जेवायला जाताना ते दोनदा चुकले. खालचे जिने त्यांना न बघता कळत होते, वरचे कळत नव्हते. आणि घरी रात्रभर कूस बदलणारे बाबा त्या केबिनमध्ये आडवे झाले आणि लहान मुलासारखे गाढ झोपले.

सकाळी आईने त्यांना हाताला धरून वर आणलं. समुद्र सपाट होता, करडा-पांढरा. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. आई खुशीत होती.

"तुम्ही लिहिलं होतंत ना," ती म्हणाली, "पहाटेचा समुद्र म्हणजे साय धरलेलं दूध. हेच ना ते?"

बाबांनी डोळे बारीक करून पाण्याकडे बघितलं.

"आणि चांदणं पडलं की पाण्यावर कुणी तांदूळ पाखडलेत असं दिसतं. ते चांदणं इथनंच दिसायचं का, डेकवरनं?"

"मला काय माहीत," बाबा म्हणाले.

आईला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. तिने पुन्हा मोठ्याने विचारलं. शेजारचं जोडपं वळून बघायला लागलं.

"अगं, ऐकलं मी. मी कधी बघितलंच नाही. आमची ड्युटी खाली. सुटलो की अंघोळ आणि झोप. वर यायला अंगात जीव नसायचा."

"मग पत्रात?"

"ते भंडारी सांगायचा." जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. "तो खरकटं टाकायला वर जायचा. मला लिहायला सुचायचं नाही. त्याला म्हटलं, बायको वाट बघते, काहीतरी चांगलं सांग. तो बोलायचा, मी लिहायचो."

आई वळून निघून गेली.

मी बाबांपाशी थांबले. पण ते म्हणाले, "तू तिच्याकडे जा." मला आई मागच्या डेकवर सावलीतल्या खुर्चीत सापडली. जहाजामागे फेसाचा पट्टा लांब लांब जात विरत होता. ती त्याकडेच बघत होती.

"ती पत्रं मी चाळीतल्या बायकांना वाचून दाखवायचे," ती म्हणाली. "आणि आतून जळायचे यांच्यावर. मी इथं नळावर भांडतेय आणि हा माणूस चांदण्यात उभा आहे, असं वाटायचं." मग म्हणाली, "मला कळायला हवं होतं. दूध, साय, तांदूळ. तुझ्या बाबांना साधी डाळ शिजलीय की नाही ते कळत नाही."

आणि ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

दुपारी जेवण झाल्यावर आईने आमच्या मजल्यावरच्या कर्मचाऱ्याला हिंदीत विचारलं, "भैया, इंजन दिखाओगे क्या? इनका काम था उधर." तो नम्रपणे नाही म्हणाला, प्रवाशांना परवानगी नव्हती. मग ती केबिनमध्ये आली आणि बाबांच्या बर्थच्या कडेला बसली.

"आता मला तुम्ही सांगा. भंडाऱ्याचं नको. तुम्ही काय बघायचात?"

"त्यात काय सांगायचं?"

"सांगा ना."

बाबांनी दिवा बंद केला. खिडकी नसल्यामुळे इतका मिट्ट काळोख झाला की बाहेर भर दुपार आहे हे खरं वाटेना. त्यांनी आईचा हात घेऊन भिंतीवर ठेवला असावा, कारण ते म्हणाले, "हे मोठं, एकसारखं, ते मेन इंजिन. त्याच्यावर बारीक मुंग्यांसारखं येतंय ना, तो जनरेटर. आता थांब... हां, हा पंप." मीही माझ्या बर्थवरून भिंतीला हात लावला. आधी नुसती थरथर लागली. मग हळूहळू तिच्यातले पदर सुटायला लागले.

बाबा बोलत राहिले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. खाली समुद्र दिसत नाही, पण तेलाच्या डब्यातलं तेल कुठल्या बाजूला कलतंय त्यावरून वर काय चाललंय ते कळतं. खूप खाली, लोखंडी पत्र्याला कान लावला की पलीकडून पाणी घासत गेलेलं जाणवतं. यंत्र नीट चाललं असलं की दिव्याच्या उजेडात ताजं तेल मधासारखं दिसतं. आई मधूनमधून "मग?" म्हणत होती. तिचा आवाज चढलेला नव्हता, तरी बाबांना तो कसा कोण जाणे ऐकू येत होता. मग तिचं "मग?" विरळ झालं. बाबांचे शब्दही लांब लांब पडायला लागले. भिंत, बर्थ, आम्ही तिघं, सगळं एकाच लयीत हलत होतं. मला झोप कधी लागली ते कळलं नाही. जाग आली तेव्हा वरचा जादूचा कार्यक्रम आणि संध्याकाळचा चहा, दोन्ही होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला उतरलो. घरी पोचून आई पोळ्या लाटायला उभी राहिली आणि तिने एकदम ओटा धरला.

"अहो, जमीन हलतेय!"

मलाही तसंच होत होतं. उभं राहिलं की हॉल एका बाजूला हळूच कलायचा आणि परत यायचा. बाबा सोफ्यावर आरामात बसले होते.

"दोन-तीन दिवस राहतं ते. सुट्टीवर घरी आलो की मलाही व्हायचं."

"मला कधी बोलला नाहीत!"

"बोलणार काय? पहिल्याच खेपेला दारात झोक गेला, तर तू विचारलंस, पिऊन आलात का."

आई लाटणं हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने गॅस बंद केला आणि येऊन त्यांच्या शेजारी बसली.