मातीची वळी

धरणाचे साहेब माझ्या बांधावर उकिडवे बसले. शेतातली माती त्यांनी पाण्यात मळली आणि तळहातावर तिची बारीक वळी केली. ती तुटली नाही. म्हणाले, "आजोबा, माती चिकट आहे. धरणाच्या पोटात हीच भरू, पाणी झिरपायचं नाही."

माझी बायको चूल घालताना अशीच वळी करून बघायची. तुटली की म्हणायची, "ही तुमच्यासारखी, बिनकामाची."

आमच्यात मेलेल्या माणसाला पुरतात. ती याच शेतात लिंबाखाली आहे. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "तेवढी जागा सोडू." सोडतील. भोवतालचं सगळं खणून नेतील आणि त्या खड्ड्यात ती एकटी मातीच्या उंचवट्यात राहील. एकटं राहणं काय असतं ते मी रोज भोगतो.

म्हटलं, "सोडू नका. तिलाही न्या."