पडद्याआड पाजलेली पेज

ऑपरेशन ठरलं होतं त्या सकाळी मी आईला पेज पाजली. पाण्याचा घोटही द्यायचा नाही, असं सिस्टरांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. मला ते समजलं नव्हतं, असं नाही.

रेवदंड्याला अंगणात पडून आईचा खुबा मोडला होता. अलिबागच्या एका छोट्या रुग्णालयात तिला ठेवलं होतं. त्या दिवशी तिचा पहिला नंबर होता, पण अपघातातला एक माणूस आला आणि ती मागे राहिली. ऊन तिच्या पायांवर आलं. भुकेनं ती कासावीस झाली. आमच्याकडे पेजेला कोणी जेवण म्हणत नाही, तापातसुद्धा देतात. तेवढाच आधार धरून मी पडदा ओढला आणि माझ्या डब्यातली पेज तिला पाजली. कोणी विचारलं तर नाही म्हण, असंही सांगितलं.

सिस्टरांनी विचारलं तेव्हा मीच आधी नाही म्हणालो. थिएटरच्या दाराशी त्यांनी स्ट्रेचर थांबवून पुन्हा विचारलं. मी चिडलो.

"एकदा सांगितलं ना, सिस्टर?"

"मी थिएटरच्या दारापर्यंत विचारतेच," त्या म्हणाल्या. "भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर फुप्फुसात उतरतं. मग पेशंट आमच्या हातात राहत नाही."

दार उघडलं, आतल्या यंत्राची टिकटिक ऐकू आली. मी तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. आई जाईल ही भीती होती आणि, लिहायला लाज वाटते, पकडला जाईन हीसुद्धा होती.

काही जेवलात का, असं विचारत सिस्टर आईच्या कानाशी वाकल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"जेवले न्हाय बाय," ती म्हणाली. "नुसती पेज घेतली."

सिस्टरांनी स्ट्रेचर मागे फिरवलं. सर्जन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्यांनाच बोलले. पेशंटवर लक्ष ठेवता येत नसेल तर वॉर्डात कशाला उभ्या राहता, असं काहीबाही. सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही. मी फरशीकडे बघत राहिलो. आता बोललो तर हे लोक आईकडे नीट बघणार नाहीत, असं स्वतःला समजावत होतो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आई वाचली. पण घरी आल्यावर जेवताना तिला ठसका लागला की माझा घास हातातच राहायचा.

टाके काढायला गेलो, तेव्हा त्याच सिस्टर ड्रेसिंग सोडत होत्या आणि सर्जन शेजारी उभे होते.

"डॉक्टर, त्या दिवशी पेज मी दिली होती," मी म्हणालो. "यांनी दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा लपवलं. तुम्ही यांना बोललात तेव्हाही गप्प राहिलो. सिस्टर, माझं चुकलं. मला माफ करा."