विलासभाऊचा अंगठा

मुलींना घोट्याच्या आतली नस बोटांनी चाचपायला लावत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. मी गडचिरोलीला नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवते. वर्गात फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला. "बाई, विलास गेला," एवढंच ते बोलले. मी तास पुरा केला. दगडाच्या काळजाची आहे म्हणतात लोक, असेन. पण त्या घटकेला दुसरं काही सुचेचना... पोटरीतून उतरणारी नस घोट्याला वळसा घालून तळपायात कसे फाटे फोडते, ते सांगत राहिले आणि मग बस पकडली.

विलासभाऊ माझा थोरला भाऊ. मूल शहराजवळच्या आमच्या गावातून सायकलने राइस मिलवर कामाला जायचा. तिथल्या मशीनच्या पट्ट्यात उजवा पाय सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. कापलेला पाय दवाखान्याने बाबांच्या हाती दिला. पोटच्या लेकराचा पाय, टाकून कसा द्यायचा? बाबांनी तो पोत्यात घातला. पोतं अपुरं पडलं म्हणून पंजा मुडपून कोंबला आणि धानाच्या बांधीत, शेताच्या कडेला धुऱ्याजवळ पुरला. जखम भरली. मग भाऊ नसलेल्या पायाने ओरडायला लागला.

"अंगठा मुडपला वं माहा! कोणी सरळ करा ना!" आई खाटेच्या रिकाम्या जागेवर हात फिरवत बसायची. मी सुटीत गेले की समजावायची, भाऊ, अंगठ्याकडे जाणारी नस कापली गेली, पण तिचं वरचं टोक जिवंत आहे. ते कंबरेतून वर खबर धाडतं आणि डोक्याला वाटतं, पाय आहे. तो सगळं ऐकून घ्यायचा. "तुहं बरोबर असन, संगे. पण बाबानं पाय मुडपून पुरला, हे तं खोटं नाई ना?" एकदा मी मोठा आरसा नेला. दोन पायांच्या मध्ये उभा धरला, म्हणजे धडक्या पायाचं प्रतिबिंब तुटक्याच्या जागी दिसतं. "अवं, दोन्ही पाय दिसून राह्यले!" म्हणत तो डाव्या पायाची बोटं हलवत खदाखदा हसला. थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच... दुखणं थांबावं म्हणून मेडिकलमधून आणून मूठमूठ गोळ्या खायचा. मी भांडले, गोळ्या नालीत फेकल्या, दुकानदाराला वाट्टेल ते बोलले. व्हायचं ते झालंच. किडन्या गेल्या.

शेवटी शेवटी त्याचं एकच मागणं होतं. पाय उकरा, सरळ करून ठेवा. उकरून काही होत नाही, असं मी म्हणायची आणि आजही म्हणेन. बाबांचं वेगळंच होतं. "एकाच पोराचा पाय दोनदा मातीत घालू का मी?" म्हणून ते उठून जायचे. दुखणं राहिलं, मागणंही राहिलं. भाऊ गेला.

मी पोचले तेव्हा खड्डा तयार होता. आमच्या गावात पुरतात. भाऊला खाली ठेवला आणि माती लोटणार, तेवढ्यात बाबा बांधीकडून आले. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, छातीशी धोतराचं गाठोडं. "थांबा," ते म्हणाले. गाठोडं माझ्या ओंजळीत दिलं. "कोणतं हाड कुठी असते, तुलेच माहीत आहे, बाई. माह्यानं नाई होत."

मी खड्ड्यात उतरले. गुडघ्याखाली नडगीचं हाड ठेवलं, त्याच्या बाहेरच्या अंगाला बारकं हाड, मग टाच, मग पंजाची एकेक चिमुकली हाडं. जिच्यापायी तो एवढा ओरडला, त्या नसेचा धागासुद्धा उरला नव्हता. मी सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडत होते आणि जुळवत होते. सगळ्यात शेवटी अंगठ्याची दोन हाडं एका रेषेत लावली.

वरून बाबा वाकून पाहत होते. "सरळ झाला ना वं?"

"सरळ झाला, बाबा." मी वर चढून आले.

तेव्हा कुठे त्यांनी मूठभर माती टाकली.