यांचं बोलणं तिला कळत होतं

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. अंगात येणं, दृष्ट लागणं, कुणाच्या स्वप्नात कोण आलं... हे सगळं मी आयुष्यभर हसण्यावारी नेलं. धंदा करणाऱ्या माणसाला समोरचा काय लपवतोय ते बघायची सवय लागते आणि मला ती जरा जास्तच आहे. भाजीच्या होलसेलवाल्यापासून इन्शुरन्सच्या बाईपर्यंत सगळे माझ्याशी जपून बोलतात. पण मागच्या उन्हाळ्यात माझ्याच घरात जे घडलं, त्यातली फट मला अजून सापडलेली नाही. म्हणून इथे लिहितेय.

आम्ही टेक्सासमध्ये, अर्विंगला राहतो. हे सिव्हिल इंजिनिअर. मध्यंतरी यांची नोकरी गेली तेव्हा मी डबे सुरू केले आणि पुढे त्याचंच केटरिंग झालं. गॅरेजचं रीतसर परवानगी काढून किचन करून घेतलंय. गॅरेज आणि हॉलच्या मधलं दार उघडं ठेवलं की हॉलच्या खिडकीपाशी खुर्चीत बसलेले हे मला ओट्यावरून दिसतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं मी त्या दारातून बघितलेलं आहे.

मागच्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळानं यांचा सत्कार केला. इतकी वर्षं हॉल बुक करणं, खुर्च्या लावणं हे सगळं यांनी केलं होतं, त्यात वाद नाही. यांनी स्टेजवरून सगळ्यांचे आभार मानले. साउंडवाल्याचे मानले. पार्किंग बघणाऱ्या पोरांचे मानले. ज्या बाईनं दर गणपतीत मंडळाला हजारभर मोदक करून घातले, जिच्या डब्यांवर घर उभं राहिलं, तिचं नाव नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते.

घरी आल्यावर मी अबोला धरला. चहा समोर ठेवायचा, ताट वाढायचं, बोलायचं मात्र नाही. म्हटलं, यांना विचारू दे की काय झालं. यांनी विचारलं नाही. नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी सकाळी हे दाढी करताना बाथरूममध्ये पडले. स्ट्रोक. उजवा हात गेला आणि वाचा गेली. 'ता' एवढा एकच आवाज उरला. ता-ता, ताता-ता. पाणी हवं तरी ता, टीव्ही बंद करायचा तरी ता. स्पीच थेरपिस्ट म्हणाली की यांना आतून सगळं कळतंय, शब्द फक्त बाहेर येत नाहीत. म्हणजे माझ्याबद्दल जे काही म्हणायचं होतं, सॉरी असो नाहीतर आणखी काही, ते आत तसंच अडकून पडलं. मला तेवढंच ऐकायचं होतं. बाकी सगळं मी सहन केलं असतं.

मग जूनमध्ये, बाहेर अंगाची लाही होत असताना, दोन पोरी दारात आल्या. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मुलंमुली एकोणीस-वीस वर्षांची झाली की दीड-दोन वर्षं घर सोडून परक्या गावी धर्मप्रचाराला जातात. तशा या दोघी. लांब स्कर्ट, छातीवर काळी नावाची पट्टी. एक आयडाहोची सिस्टर जेन्सन, सारखी हसणारी. दुसरी पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरून आलेली सिस्टर मोआला, उंच, आडव्या हाडाची, गप्प. तिचं इंग्लिश माझ्या पहिल्या वर्षातल्या इंग्लिशपेक्षा वाईट होतं.

"देवाबद्दल पाच मिनिटं बोलू शकतो का?" जेन्सननं विचारलं.

"पाच कशाला, दहा बोला," मी म्हटलं. "पण आधी तासभर लसूण सोलायचा."

मला वाटलं पळतील. जेन्सन म्हणाली की लोकांना मदत करणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. मोआलानं तर तोवर बॅग खाली ठेवून हात धुतले होते.

आठवड्यातून तीन दुपारी यायच्या. चहा-कॉफी त्यांना चालत नाही, म्हणून मी कोकम सरबत द्यायचे. त्यांचा दिवस ठरलेला. साडेसहाला उठायचं, दोन-तीन तास अभ्यास आणि प्रार्थना, मग दिवसभर दारं वाजवायची. लोक तोंडावर दार लावतात ते सोसायचं. सोमवारी कपडे धुवायचे आणि घरी फोन करायचा. रात्री वहीत लिहायचं की आज देवाचा हात कुठे दिसला. एकीनं दुसरीला नजरेआड करायचं नाही हा पक्का नियम. जेन्सन माझ्याबरोबर ओट्याशी उभी राहायची आणि मोआला दारापलीकडे यांच्याजवळ स्टूल घेऊन बसायची, परातीत लसूण घेऊन. यांना सोबत म्हणून मीच तिला तिकडे बसवलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मला हसण्याचा आवाज आला. यांचा. पडल्यापासून हे हसले नव्हते. मी वाकून बघितलं तर हे 'ताता-ता' करून काहीतरी लांबलचक सांगतायत, डावा हात हलवतायत, आणि ती मान डोलावतेय. मग ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. इंग्लिश नव्हे, टोंगन. आणि यांनी पुन्हा हसून उत्तर दिलं.

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भरवते मी, पुसते मी, आणि हसायचं त्या पोरीबरोबर?

"काकांशी काय बोलत होतीस?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"आजोबांच्या होडीचं. दुपारपर्यंत माझं इंग्लिश दमतं, काकू. म्हणून माझ्या भाषेत."

"आणि ते?"

"रेडिओचं सांगत होते." तिनं छातीपर्यंत हात नेला. "नदीत पाणी इथवर. छोटा मुलगा, डोक्यावर रेडिओ. पाय घसरला, रेडिओ पाण्यात. मग त्यानं शर्टानं पुसला, घरी नेऊन फळीवर ठेवला आणि वर ते जाळीचं विणलेलं कापड नीट घातलं. कुणाला सांगितलं नाही. मार भावाला बसला."

मी म्हटलं, चौतीस वर्षांच्या संसारात मी हे ऐकलं नाही. म्हणजे पोरगी कल्पनेनं रचतेय. तरी चैन पडेना. संध्याकाळी कराडला यांच्या मोठ्या भावांना फोन लावला. अण्णा भावजी सकाळचा पेपर वाचत होते.

"भावजी, लहानपणी तुमच्या घरी रेडिओ होता का हो?"

"होता की. बंद पडला आणि वडिलांनी मला काठीनं सडकला. मी नदीवर नेला म्हणून. अगं, मी हातसुद्धा लावला नव्हता."

मी पोरीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"त्याच्यावर क्रोशाचं झाकण होतं," भावजी म्हणाले. "आईनं विणलेलं." मग, "म्हणजे वसंता होता होय. साठ वर्षं मी धाकट्या बहिणीवर संशय घेतला. तुला कुणी सांगितलं हे?"

मी म्हटलं, यांनीच. दुसरं काय सांगणार?

न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला लेक आहे, केतकी. तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, प्लीज. शी इज गेसिंग. आणि तुला हवं तेच तू ऐकतेस."

"मला हे मुळीच नको होतं," मी म्हटलं. खरंच नको होतं. ज्या पोरीला ना मराठी येतं ना धड इंग्लिश, तिला हे सांगतात आणि मला नाही, हे कुठल्या बायकोला हवं असेल?

मग मी माझ्या पद्धतीनं पारख करायची ठरवली. पुढच्या खेपेला पोरी यायच्या आधी यांच्या कानाशी जाऊन मराठीत म्हटलं, "आज तिला आपल्या लग्नाच्या पंगतीत काय झालं ते सांगा." ती गोष्ट आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. मोआला अर्धा तास बसली. हे दोन-तीनदा ता-ता बोलले आणि गप्प झाले. ती उठून आली.

"आज काय म्हणाले?"

ती कचरली. "आज काही सांगणार नाही म्हणाले. काकू परीक्षा घेतायत म्हणाले."

जेन्सनच्या हातातली सुरी थांबली. माझे कान तापले. आता वाटतं तेव्हा मी घाबरायला हवं होतं, पण मला आला राग. तिचा आणि यांचा दोघांचा. म्हणजे माझी चहाडी करण्याइतकी यांची जवळीक झाली.

"पुढच्या खेपेपासून ओट्याशी बसायचं," मी तिला म्हटलं. "यांच्याजवळ नाही."

तिनं वाद घातला नाही. त्यानंतरच्या तीन खेपा दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. हे खिडकीपाशी हाका मारायचे, ता-ता, ता-ता, आणि मी जाऊन विचारायचे, "काय हवंय?" माझ्याकडे बघून हे मान फिरवायचे.

मग एका शनिवारी जेन्सन म्हणाली की मोआलाची बदली झाली. दर सहा आठवड्यांनी अशा बदल्या होतात, कुणी कुठे जायचं ते वरून ठरतं. मंगळवारी ती ऑक्लाहोमाच्या हद्दीजवळच्या कुठल्याशा गावी निघणार होती. आज शेवटचं भेटायला आलो, दहा मिनिटं, म्हणाली.

मी फार मोठी चूक केली होती हे मला त्याक्षणी कळलं. मधल्या तीन दुपारी माझ्या हातात होत्या.

मी तिला किचनच्या कोपऱ्यात घेतलं. "हे बघ, तुमच्या चर्चला मी एक रविवार येते. दोन येते. तुम्ही म्हणाल ते ऐकून घेते. तू फक्त विचार, त्यांना मला काय सांगायचं होतं? ते पडायच्या आधी मी नऊ दिवस बोलत नव्हते, तेव्हा त्यांच्या मनात काय होतं?"

"काकू, मी त्यांना कधीच काही विचारलं नाही," ती म्हणाली. शब्द शोधत, हळू. "मी इथे आले तेव्हा मला कुणाचंच बोलणं कळायचं नाही. रोज रात्री रडायचे. माझी पहिली जोडीदार म्हणाली, तू उत्तर द्यायची घाई करतेस. नुसती बस, तुला काही नको असल्यासारखी. तसं बसलं की कधीकधी कळतं. कसं ते मला माहीत नाही. पण आज मला हवंय. तुमच्यासाठी हवंय. म्हणून मला भीती वाटते."

"बस तर खरी," मी म्हटलं.

ती स्टुलावर बसली. मी दारात उभी, जेन्सन माझ्यामागे. यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि बोलायला लागले. इतकं सलग हे पडल्यापासून बोलले नव्हते. ता-ता-ता, मध्ये थांबून, पुन्हा. डाव्या हाताचं बोट माझ्याकडे. डोळ्यांतून पाणी. एकदा स्वतःशीच हसले. पाच-सात मिनिटं तरी. मग दमून डोळे मिटले.

मोआलानं यांच्या हातावर हात ठेवला आणि ती उठून माझ्याकडे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हणाले?"

"मला नाही कळलं," ती म्हणाली. "आज नुसता आवाज होता, काकू. आय अॅम सो सॉरी."

मी तिचे दोन्ही दंड धरले. मला लाज वाटते लिहायला, पण मी तिला हलवलं. "खोटं बोलतेस. वाईट असेल तरी सांग."

"देवाशपथ नाही कळलं." ती रडायला लागली. जेन्सननं हळूच माझे हात सोडवले. जाताना दोघींनी प्रार्थना करू का म्हणून विचारलं आणि मी नको म्हटलं. तेही आता सलतं.

ही गोष्ट सांगितली की लोक मला समजावतात. थेरपिस्ट म्हणते, अशा पेशंटच्या हातवाऱ्यांत आणि आवाजाच्या चढउतारात पुष्कळ काही असतं. असेल. पण क्रोशाचं झाकण कुठल्या चढउतारात बसतं? केतकी म्हणते, बाबांनी तिला डाव्या हातानं चित्र काढून दाखवलं असेल. मी दारातून बघत होते, यांच्यापाशी कागद नव्हता. शिवाय एवढं सगळं कळणाऱ्या मुलीला शेवटच्या दिवशी एक अक्षर कळू नये, हे का? तिला खरंच कळलं नाही, की कळूनही तिनं मला सांगितलं नाही? रात्री जाग आली की याच दोन गोष्टींत मी हेलपाटे घालते. आणि खरं सांगू, मला त्या पोरीचा अजून हेवा वाटतो. तिनं काही वाईट केलं नाही हे माहीत असून वाटतो.

त्या मंगळवारपासून मी रोज दुपारी चार वाजता स्टूल घेऊन यांच्याजवळ बसते. लसूण आता मदतनीस बाई सोलते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अहो, आधी मी बोलायचं सोडलं होतं. तुमचं चुकलं होतं, ते मी सोडणार नाही. पण बोलणं मी सोडलं." यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ता. हो की नाही, मला कळलं नाही.

काही नको असल्यासारखी मी बसू शकत नाही. माझा स्वभाव तो नाही. बसल्या जागी मला त्या पाच-सात मिनिटांतलं एक तरी वाक्य हवं असतं. तरी बसते. परवा हे असेच बोलता बोलता हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसले, कशाला ते न कळता.

माझ्याकडे याचं उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त योगायोग म्हणू नका, तो मी अण्णा भावजींच्या फोनवरच बाद केला आहे. आता पुरे करते. चार वाजलेत आणि हे तिकडून बोलायला लागलेत.