पहिल्या बाळंतपणाचा व्हिसा

मी हसलो, ही माझी चूक. एजंट बोलला आणि मी हसलो.

यवतमाळातलं त्याचं ऑफिस. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर परदेशातल्या पुलांचे फोटो. नातं दाखवायला मी लेकीचा शाळेचा दाखला नेला होता. त्याने तो दोन बोटांनी उचलला. जात वाचली.

"वा गुरुजी! सवलती खाऊन लेक थेट अमेरिकेत!"

मी हसलो. शेजारी बायको होती. ती हसली नाही.

पोरीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण तिचा व्हिसा जावयाच्या नोकरीला टांगलेला. इकडे आली आणि परतीचा शिक्का अडकला, तर नवरा तिकडे, ती इकडे. म्हणून माहेरच तिकडे न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे तिची आई, आणि सोबतीला मी.

"बाळंतपणाचं नाव काढायचं नाही," एजंट म्हणाला. "फिरायला चाललो म्हणायचं. आणि यांना बोलू देऊ नका. ते मले-तुले ऐकलं तर साहेबाला वाटेल, मोलकरीण आली."

मी मान डोलावली. वर्गात पोरांना ताठ बसा म्हणणारा मी, त्या गुळगुळीत पोरट्यापुढे मान डोलावत होतो.

बाभुळगावला घरी बायकोकडून तिकडच्या धबधब्याचं नाव घोकून घेतलं. ती म्हणाली, "लेकीच्या बाळंतपणाले चालली, हे सांगाले कायची लाज?"

"गप. एजंटसाहेब सांगतात तसं बोल."

मुंबईत अमेरिकन वकिलातीत खिडकीमागच्या गोऱ्या बाईने मराठीतच विचारलं, "कशासाठी जाताय?"

"फिरायला," बायको घोकल्यासारखं म्हणाली.

"काय पाहणार?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मीच मध्ये तोंड घातलं. दोघांनाही नकार.

परत आलो तर एजंट खुर्चीत झुलत होता. "तरी सांगितलं होतं. अशा बायका नेल्या की असंच होतं."

या वेळी मी हसलो नाही. टेबलावरचे कागद ओढून घेतले. "अशा म्हणजे कशा? सांग."

"चिडता कशाला, गुरुजी?" झुलणं थांबलं होतं. समोरचा हसतो तोवरच असल्यांची हिंमत.

रस्त्यावर येऊन मी बायकोला म्हणालो, "चुकलं माझं."

"मले काय सांगता? तिले सांगा. ती वाट पाहून राह्यली."

संध्याकाळ होती, तिकडे सकाळ. तिथेच फोन लावला. लेकीने विचारलं, "बाबा, साहेबानं काहून नाही म्हटलं?"

"साहेबाचं सोड, बेटा. तुह्या मायच्या तोंडावर मीच हात ठेवला. माफ कर. अर्ज पुन्हा करून राह्यलो. आता ती बोलन. मी गप बसीन."